अत्तर लावलेलं पिल्लू

मी लहान मुलांसाठी बोधकथा लिहिते. हे सांगितलं की लोक आधी 'वा!' म्हणतात आणि मग पटकन विषय बदलतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या कथांत झाडं बोलतात, नदी रडते, चिमणी आभार मानते. मुलं मात्र फारसं बोलत नाहीत. ती ऐकतात आणि शेवटच्या परिच्छेदात सुधारतात.

माझं नाव सुरेखा. नेकनूरपासून सात किलोमीटर आत एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं मी तिसरी-चौथीला शिकवते. राहते बीडला. रोज सकाळी नेकनूरपर्यंत बस आणि पुढं काळीपिवळी जीप. कथा मी बसमध्ये लिहिते. खिडकीची जागा मिळाली तर एका फेरीत एक कथा होते. बस पंक्चर झाली तर कथा जरा लांबते.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका संस्थेनं शिक्षकांसाठी बालकथा स्पर्धा ठेवली. विषय होता भूतदया आणि निसर्गप्रेम, शब्दमर्यादा चारशे, आणि खाली ठळक अक्षरांत 'शेवटी तात्पर्य आवश्यक'. मी 'एकटं पिल्लू' नावाची कथा पाठवली. मीरा नावाची मुलगी शेतात जाते. तिथं तिला हरणाचं पिल्लू दिसतं. 'ते एकटंच होतं. त्याची आई त्याला सोडून गेली होती.' मीरा त्याला उचलून घरी आणते, बाटलीनं दूध पाजते, रात्री कुशीत घेऊन झोपते. पिल्लू मोठं होतं आणि एके दिवशी रानात निघून जातं. जाताना मागं वळून बघतं. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. तात्पर्य : मुक्या प्राण्यांवर दया करा.

हरणाचं पिल्लू मी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं. बसच्या खिडकीतून कळप उड्या मारत जाताना दिसायचा, तेवढीच ओळख. पण मी हत्तीवरही तीन कथा लिहिलेल्या आहेत, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही.

कथेला पहिलं बक्षीस मिळालं. निवडक कथांची पुस्तिका काढून जिल्ह्यातल्या शाळांना वाटायची असं ठरलं, आणि पुस्तिकेत माझी कथा पहिली. निकाल कळला त्या दिवशी मी ती वर्गात वाचून दाखवली. पोरी रडल्या. सगळ्यांत जास्त रडली संस्कृती. ती चौथीत, अर्जुनरावांची नात. अर्जुनराव गावातले मोठे शेतकरी. दोनदा सरपंच होते. आता नाहीत, पण गावातलं कुठलंही काम अजून त्यांच्या ओसरीवरूनच पुढं सरकतं. शाळेच्या समितीवरही तेच.

अर्जुनरावांचा हरभरा दरवर्षी हरणं खातात. त्यासाठी त्यांनी एक गडी ठेवला आहे. तो रोज दिवस मावळताना बांधावर उभा राहून फटाके वाजवतो. संस्कृती दिवसभर माझ्या कथेसाठी रडली आणि संध्याकाळी तेच फटाके ऐकत जेवली असेल. यात तिला काही खटकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. प्रार्थना संपली होती आणि मी हजेरी घेत होते. संस्कृती उशिरा आली. तिची वह्या-पुस्तकं मागून येणाऱ्या दोन मैत्रिणींच्या हातांत होती आणि दप्तर तिनं छातीशी धरलं होतं. दप्तराच्या तोंडातून एक छोटं डोकं बाहेर आलेलं.

"मॅडम, मला पिल्लू सापडलं," ती म्हणाली. "ते एकटंच होतं. त्याची आई त्याला सोडून गेली होती."

शब्दाला शब्द. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं? पुरस्कारसमित्या येतात आणि जातात, पण तुमचं वाक्य एक पोरगी दप्तरात घालून तुमच्या टेबलावर आणून ठेवते, हे कितीजणांच्या वाट्याला येतं? मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

पिल्लू मांजरापेक्षा थोडंसं मोठं होतं. पाय तेवढे लांब आणि काटकुळे. आम्ही त्याला पोत्यावर ठेवलं तर ते मान जमिनीला लावून तसंच पडून राहिलं. हललं नाही, ओरडलं नाही. मला वाटलं, किती विश्वासानं पडलंय बघा. अंगणवाडीतून दुधाची बाटली आणली. माझ्या कथेतलं पिल्लू गटागटा दूध पितं. हे पीत नव्हतं. दूध त्याच्या जबड्यावरून खाली ओघळत होतं. मी फोटो काढला तो बाटली तोंडाला लावलेल्या क्षणाचा. फोटोत ओघळ दिसत नाही.

आमचे मुख्याध्यापक धर्मराज सर. सरांना कागद नसलेल्या प्रत्येक गोष्टीची भीती वाटते आणि या पिल्लाचा कुठला कागद नव्हता. त्यांनी लगेच वनखात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी बिबट्याच्या मागं दुसऱ्या तालुक्यात गेली आहे, उद्या सकाळी येतो, तोवर काही खायला घालू नका. सरांनी फोनची वेळ वहीत लिहून ठेवली आणि निश्चिंत झाले.

एव्हाना फोटो माझ्या स्टेटसवरून गावभर झाला होता. अकराच्या सुमाराला अर्जुनराव स्वतः शाळेत आले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, पिल्लाकडं बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"मॅडम, तुमी लिव्हलं आन् आमच्या नातीनं करून दाखिवलं. दोघींचाबी सत्कार व्हायाच पायजे. आजच. चार वाजता."

"आज कसं जमेल, भाऊ? तयारी..."

"तयारीची काळजी तुमी करू नका. मांडववाला आपलाच हाय. केंद्रप्रमुखांना मी सांगतो. आन् त्या संस्थेचे कोन सायेब हायत, त्यांनाबी बोलवून घ्या. शाल-श्रीफळ मी आनतो."

मी संस्थेच्या सचिवांना फोन केला. ते आनंदानं येतो म्हणाले. एवढा आयता योग त्यांना तरी कुठून मिळणार होता?

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात डबा खात होते. फाटकाशी एक म्हातारी उभी होती. डोईवर पदर, हातात काठी, पायात टायरच्या चपला. मी तिला ओळखत होते. कडूबाई. अर्जुनरावांच्या ज्वारीच्या रानात काढणीनंतर मेंढ्या बसवल्या होत्या, त्या कडूबाईच्या. रात्री कळप त्या रानात बसतो, जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगरांना बदल्यात धान्य. आठवड्याभरानं पाल उचलून पुढच्या रानात जायचं.

"मास्तरीणबाई," तिनं तिथूनच हाक मारली, "ते पिलू तुमच्याकडं हाय म्हनं?"

मला वाटलं, तीही बघायला आली आहे. "या ना आत," मी म्हणाले.

"मी न्हाई येत. कुनी उचललं ते?"

"आमच्या वर्गातल्या मुलीनं. हरभऱ्याच्या रानात एकटंच पडलं होतं बिचारं. अनाथ आहे."

"कुनी सांगितलं तुमाला आनाथ हाय म्हून?"

मलाच कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं.

"सकाळधरनं ती हरनी बांधाबांधानं फिरायलीय," कडूबाई म्हणाली. "माजी कुत्री भुकू भुकू दमली, तरी जागा सोडंना. ते एकटं आसतंच की, बाई. आई चरायला गेली म्हंजी पिलू दडवून जाती. आपुन जवळ थांबलं तर लांडग्याला ठावं व्हतं, म्हून लांब राहती. पिलू हालत न्हाई, वरडत न्हाई. हालायचं न्हाई हे त्याला पोटातनंच ठावं आसतंय. भ्यालं म्हंजी तर आजून चिकटून बसतंय भुईला."

मान जमिनीला लावून पडलेलं पिल्लू माझ्या डोळ्यांसमोर आलं. विश्वास म्हणे.

"आमी लेकरू झोळीत टाकतो, झोळी झाडाला बांधतो आन् मेंढ्यामागं जातो," ती पुढं म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण काठी दोनदा जमिनीवर आपटली. "मागनं कुनी येऊन ते लेकरू उचलून न्हेलं, त्याला दूध पाजलं आन् फोटू काडला, तर त्याला काय म्हनायचं वो?"

मी डबा बंद केला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"दिस मावळायच्या आत जितनं उचललं तितंच ठिवा. धा पावलं हिकडं न्हाई, धा पावलं तिकडं न्हाई. ती त्याच जाग्यावर येती. लवकर करा. सकाळपास्नं पोटात थेंब न्हाई त्याच्या." एवढं सांगून ती गेली. मेंढ्या सोडून आली होती, तिला थांबायला वेळ नव्हता.

त्याच वेळी मी उठायला हवं होतं. दप्तर उचलायचं, संस्कृतीला पुढं घालायचं आणि रानाकडं चालू लागायचं. एक किलोमीटरचं अंतर. मी धर्मराज सरांकडं गेले. सर म्हणाले, "बरोबर आहे तिचं, पण मॅडम, अर्जुनरावांनी माणसं बोलावली आहेत. पिल्लूच नसेल तर कार्यक्रम कशाचा? साडेपाचला मोकळे होऊ. दिवस साडेसहाला मावळतो." सरांचा हिशोब बरोबर होता. मी लगेच मान हलवली.

मी घाबरले म्हणून थांबले असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. अर्जुनरावांना कोण दुखवणार, बदलीची भीती, वगैरे. ते खोटं आहे. मला ती शाल हवी होती. बावीस वर्षं मी लिहिते आहे आणि माझ्या अंगावर कुणी शाल घातलेली नव्हती.

चार वाजता शाळेच्या मैदानात मांडव उभा होता. समोर अडीचशे माणसं, बायका एका बाजूला, पोरं पुढं जमिनीवर. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर पिल्लू. कर्णा नेमका त्याच्या डोक्यावर बांधलेला. सचिव आले, केंद्रप्रमुख आले, शब्दसुमनं वगैरे सगळं झालं. मग सत्कार सुरू झाले. आधी संस्कृतीचा. ती फेट्यात होती आणि फेटा डोळ्यांवर येत होता. मग माझा. शाल गुलाबी होती. सांगायला लाज वाटते, पण ती अंगावर पडली तेव्हा मी काही क्षण पिल्लाला साफ विसरले.

मग अर्जुनराव उठले. "आजचा खरा मानकरी राह्यलाच की," ते म्हणाले आणि लोक हसले. त्यांनी पिल्लाला हळदकुंकू लावलं. कपाळावर, ठसठशीत. एक झेंडूचा हार त्याच्या गळ्यात घातला, तो त्याच्या पाठीवरून खाली लोंबला. आणि मग आमच्याकडं कुठल्याही पाहुण्याला लावतात तसं, खिशातल्या डबीतून अत्तराचा फाया काढला आणि पिल्लाच्या मानेवर, पाठीवर, दोन्ही कानांमागं चोळला. त्यात अर्जुनरावांचं काही वाईट मनात नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं हा मान होता. लग्नात व्याह्यालाही ते एवढंच अत्तर लावतात.

पिल्लू थरथरत होतं. जीभ बाहेर आली होती. अजूनही ते हलत नव्हतं.

"आता मॅडम आपली कथा वाचून दाखवतील," सचिव म्हणाले आणि माईक माझ्या हातात आला.

मी वाचायला लागले. मीरा शेतात गेली. वारा गाणं गात होता. 'ते एकटंच होतं. त्याची आई...' मी थांबले. मांडवाच्या मागं फाटकाबाहेर कडूबाई दिसत होती. ती हातवारे करत नव्हती, काही बोलत नव्हती. नुसती उन्हाकडं बघत होती. ऊन बरंच कललं होतं.

माईक माझ्या हातात होता. अडीचशे माणसं गप्प बसून ऐकत होती. एक वाक्य बोलायचं होतं, की लोकहो, हे मी चुकीचं लिहिलं आहे, पिल्लाची आई तिकडं फिरते आहे. तेवढं वाक्य चारशे शब्दांत कुठंही बसलं असतं.

मी म्हणाले, "पिल्लाला उन्हाचा त्रास होतोय. मी त्याला पाणी पाजून आणते. तोवर अर्जुनरावभाऊ दोन शब्द बोलतील."

टाळ्या पडल्या. लेखिका किती हळवी आहे, असं कुणीतरी म्हणालं. अर्जुनरावांनी माईक घेतला. त्यांचे दोन शब्द कधीच अर्ध्या तासाच्या आत संपत नाहीत, हे मला माहीत होतं. मी पिल्लू शालीत गुंडाळलं, संस्कृतीचा हात धरला आणि शाळेच्या मागच्या बाजूनं बाहेर पडले.

संस्कृती वाटभर रडत होती. "तुमीच लिव्हलंय ना घरी न्यायचं! तुमीच लिव्हलंय!" मी उत्तर दिलं नाही. साडी सावरत ढेकळांतून पळताना उत्तर देता येत नाही, ही एक सोय होती.

कडूबाई आमच्या पुढं जाऊन बांधावर पोचली होती. तिनं शाल उघडली आणि नाक मुरडलं.

"आगं माय! ह्याला काय लग्नाला न्हेलतं का?"

तिनं हार ओढून फेकला. बाटलीतलं पाणी पदरावर ओतून हळदकुंकू पुसलं. अत्तर काही जाईना. संस्कृतीला तिनं विचारलं, "दाव. कुटं व्हतं?" पोरीला जागा बरोबर आठवत होती. हरभऱ्याच्या दोन सरींमध्ये, एका दगडाजवळ. तिथली माती जराशी दबलेली, ओलसर दिसत होती. कडूबाईनं त्याच जागेची माती मुठी भरभरून घेतली आणि पिल्लाच्या अंगाला चोळायला लागली. मग हरभऱ्याचा पाला ओरबाडला, तळहातावर चुरगळला आणि त्याची आंब, तो आंबट रस, कानांमागं, मानेवर फासली.

"मेंढीनं कोकरू टाकलं, दुसऱ्या मेंढीला लावायचं आसलं, तर आमी तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळतो," ती हात न थांबवता म्हणाली. "मग ती वळखून घेती. हितं दूध कुटनं आनू? त्याचा आपला जो वास हितं राह्यलाय तोच लावायचा."

"घेईल का ती?"

"मला काय ठावं? मी मेंढ्या राखते. हरनं न्हाई."

पिल्लू सरीत ठेवून आम्ही मागं आलो. लांब, ज्वारीच्या रानात कडब्याची गंज होती, तिच्या आड बसलो. कडूबाईनं कुत्री बांधून टाकली होती. दिवस मावळायला आला. मी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. एवढ्या वेळा मी ते निकालाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

आणि मग तुरीच्या बाजूनं लखन येताना दिसला. लखन म्हणजे अर्जुनरावांचा फटाक्यांचा गडी. हातात सुतळी बॉम्बची पिशवी. रोजच्या वेळेला रोजच्या कामावर. मला सुचेना. हाक मारावी तर आवाज होईल. संस्कृती उठली आणि वाकून, सरीसरीनं त्याच्याकडं पळाली. तिथं काय झालं ते लांबून ऐकू आलं नाही. लखन डोकं खाजवत परत फिरला.

"काय सांगितलंस त्याला?" ती आल्यावर मी विचारलं.

"आज्यानं सांगितलंय, आज वाजवायचं न्हाई म्हून."

"सांगितलंय?"

"न्हाई," ती म्हणाली. खोटं बोलू नये यावर माझ्या अकरा कथा आहेत. मी तिला ओढून शेजारी बसवलं.

हरणी आली. आधी मला ती दिसलीच नाही. कडूबाईनं माझा हात दाबला तेव्हा दिसली. मान वर करून उभी होती, अर्ध्या रानावर. दोन पावलं पुढं, पुन्हा उभी. पुढचा पाय जमिनीवर आपटला. मग दगडापाशी आली, मान खाली घातली आणि विंचू चावल्यासारखी मागं उडाली. सरळ तुरीत नाहीशी झाली.

"गेली," मी म्हणाले. अत्तर माझ्या शालीलाही लागलेलं होतं आणि तो वास मला आता सहन होईना. मी शाल काढून लांब टाकली.

"गप ऱ्हावा," कडूबाई म्हणाली.

ती पुन्हा आली. पुन्हा हुंगलं, पुन्हा मागं सरली, पण या वेळी गेली नाही. पिल्लाभोवती एक चक्कर मारली. पिल्लानं मान उचलली. दिवसभरात पहिल्यांदा ते हललं. एक बारीक आवाज केला, शेळीच्या करडासारखा. हरणी पुढं झाली आणि त्याच्या पाठीवरची माती चाटायला लागली. चाटत राहिली, चाटत राहिली. मग ते चार काड्यांवर कसंबसं उभं राहिलं आणि तिच्या पोटाला डोकं मारून दूध प्यायला लागलं.

मी रडले. कथेत माझी पात्रं रडतात तसं नाही, नाक गळेपर्यंत. आनंद होता, पण त्याहून जास्त लाज होती.

संस्कृती डोळे मोठे करून बघत होती. "मॅडम," ती माझ्या कानाशी लागली, "आता आईबी सापडली. उद्या दोघांनाबी घरी नेऊ."

कडूबाई तोंडावर पदर धरून हसली. मला हसू आलं नाही. हा धडा मीच शिकवलेला होता.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. कुत्री सोडता सोडता कडूबाईनं विचारलं, "तुमच्या त्या गोष्टीत शेवटाला काय व्हतं वो?"

"पिल्लू मोठं होतं आणि रानात जातं."

"आन् त्याची आई?"

"आई गोष्टीत नाही," मी म्हणाले.

ती कुत्र्यांना हाका मारत मेंढ्यांकडं गेली. चार दिवसांनी तिचा कळप पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. संस्कृती, फेटा, आजोबा, हार घातलेलं पिल्लू. बातमीत लिहिलं होतं की बालिकेनं अनाथ पाडसाला जीवदान दिलं. वनखात्याची माणसं आली, धर्मराज सरांनी त्यांना पिल्लू मूळ जागी सोडल्याचा कागद लिहून दिला आणि ती समाधानानं गेली. अर्जुनराव विचारणाऱ्यांना सांगत होते, "रानात सोडलं. गोष्टीत व्हतं तसंच." मी तिथंच उभी होते. बोलले नाही. वर्गातल्या मुलांना मात्र मी सगळं सांगितलं. एकतीस मुलं.

संस्थेच्या सचिवांना फोन करून म्हणाले, कथेत दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, "मॅडम, दीड हजार प्रती छापून झाल्या, वाटप सुरू आहे. दुसऱ्या आवृत्तीत बघू. आणि आई वगैरे घातलीत तर चारशे शब्दांच्या वर जाईल." मी तीन आठवडे त्यांना फोन करत राहिले. नंतर त्यांनी उचलणं बंद केलं.

मार्चमध्ये युसूफ वडगावच्या पुढच्या एका वस्तीशाळेतून बोलावणं आलं. तिथले शिक्षक अभिमन्यू सर म्हणाले, "पोरांना तुमची कथा पाठ आहे. 'लेखिका आपल्या भेटीला' असा छोटा कार्यक्रम ठेवतो. आणि एक गंमतही आहे. आल्यावर दाखवतो." मी लगेच हो म्हणाले. बसमध्ये बसून काय बोलायचं ते लिहून काढलं. या वेळी सगळं खरं सांगायचं, पहिल्या वाक्यापासून, असं ठरवलं होतं.

दोन खोल्यांची शाळा, अठरा पोरं. गंमत ऑफिसच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. हरणाचं पिल्लू. मोठ्या बाईनं पाजावं तशा सफाईनं तिसरीतली एक मुलगी त्याला बाटलीनं दूध पाजत होती. हे पिल्लू पीत होतं. गळ्यात लाल रिबन.

"आमी हिचं नाव मीरा ठिवलंय," पोरं एका सुरात ओरडली. "एकटीच व्हती, मॅडम! तिची आई तिला सोडून गेलती!"

"कधी आणली?" मी विचारलं.

"झाले की बारा-तेरा दिवस," अभिमन्यू सर कौतुकानं म्हणाले. "आधी पीत नव्हती. पोरांनी चिकाटी सोडली नाही."

"कुठून उचलली? नेमकी जागा?"

चार पोरांनी एकदम बोटं दाखवली. चारही वेगळ्या दिशांना. मग त्यांचं आपसांत भांडण लागलं. एक म्हणे विहिरीपाशी, एक म्हणे कॅनॉलच्या कडेला. शेवटी कुणालाच आठवेना.

मी लिहून आणलेला कागद काढला नाही. खोक्यापाशी खाली बसले आणि सांगितलं. ही गोष्ट मी लिहिली आणि ती चुकीची आहे. हिची आई हिला सोडून गेली नव्हती, चरायला गेली होती. ती परत आली असणार. जागा रिकामी बघून कितीतरी वेळ तिथंच फिरली असणार. हे मला आमच्या गावातल्या एका पिल्लामुळं कळलं, गेल्या महिन्यात. मला शाल मिळाली त्याच दिवशी.

अभिमन्यू सरांनी फोन काढून वनखात्याचा नंबर शोधायला सुरुवात केली. मुलीनं बाटली पिल्लाच्या तोंडातून काढली नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"गेल्या महिन्यात कळलं व्हतं," ती म्हणाली, "तर मग तवाच का न्हाई सांगितलं?"